रिकाम्या हातानं वर यायचं नाय

सांडू गेला, पण माझी जळजळ काही गेली नाही. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलावं अशी रीत आहे. मीही बोललो. त्याच्या दहाव्याला डोंगरावर गेलो, मारुतीच्या पारावर लोकांसमोर उभा राहिलो आणि आवाज जड करून म्हणालो, "असा माणूस पुन्हा होणे नाही." खाली बसताना मनात म्हटलं, एक झाला तेवढा पुरे झाला.

माझी माय त्याच्यासाठी जेवढी रडली तेवढी माझ्या बापासाठीही रडली नव्हती. हे मी बायकोला बोलून दाखवलं, तर सुनंदा म्हणाली, "मेलेल्या माणसाशी कशाला बरोबरी करता?" मी म्हटलं, जिवंत होता तेव्हा कुठं जमली?

आमचं गाव कुंडवाडी. सिल्लोडच्या पुढं, अजिंठ्याच्या रांगेत, पार माथ्यावर. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि चढत सुटायचं. अर्ध्या वाटेवर कड्याच्या पोटात एक कुंड आहे. पावसाळ्यात त्यावर धबधबा पडतो, आणि उन्हाळ्यातही कपारीतून मनगटाएवढी धार चालू असते. गाव वर आणि पाणी खाली, एवढं सांगितलं की आमच्या गावाची सगळी कुंडली सांगून झाली.

म्हणून गावाचे दोन नेम होते. एक, कुंडावरून रिकाम्या हातानं वर यायचं नाही. घागर नसेल तर कळशी, कळशी नसेल तर तांब्या. नवी नवरी गावात शिरायची तीही भरली कळशी घेऊन, आणि तलाठी चौकशीला यायचा त्याच्याही हातात कुणीतरी लोटा द्यायचं. दुसरा नेम असा की घ्यायचं ते वाहतं पाणी. कुणाच्या घरात भरून ठेवलेल्या भांड्यातलं मागायचं नाही, कारण ते कुणाच्या तरी मानेवरून आलेलं असतं.

सांडू आणि मी शेजारी. वय एक, शाळा एक, घागरी दोन. मला त्या घागरीचा संताप यायचा. धापा टाकत, दात-ओठ खात मी एका दमात वर यायचो. सांडू प्रत्येक वळणावर थांबायचा. डोक्यावर घागर तशीच, आणि हा आपला दरीकडं बघतोय. "विलास, बघ की रं, म्हातारा आज लई खुशीत हाय." म्हातारा म्हणजे डोंगर. दरड घसरली की म्हातारा खोकला, ढग उतरले की म्हाताऱ्यानं वाकळ पांघरली. मला डोंगरात डोंगरच दिसायचा, आणि तोही मध्ये आलेला.

मी दहावी झालो, आयटीआय केलं, वाळूजला कंपनीत चिकटलो आणि कायम झालो. सांडू दहावीला दोनदा बसला आणि दोनदा उठला. तेव्हा अख्खं गाव माझ्यावर जळत होतं. खोटं कशाला बोलू, लई गोड दिवस होते ते. माझी पेटी डोक्यावर घेऊन सांडूच फाट्यापर्यंत आला होता. एसटी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "जा तू. इथलं मी बघतो." मला हसू आलं होतं. इथं बघण्यासारखं होतंच काय?

दिसायला म्हणाल तर काही नाही. काटकुळा, कानावर केस, खुर्ची दिली तरी उकिडवा बसणारा. खिशात कायम भाजलेले चिंचोके. कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की हा एक चिंचोका काढून समोरच्याच्या तळहातावर ठेवायचा. घेतलेला चिंचोका तोंडात टाकावाच लागतो, आणि तोंडात टाकला की तो फुटेपर्यंत बोलता येत नाही. तेवढ्यात सांडूचा विचार करून व्हायचा. ग्रामसेवकापासून आमदाराच्या माणसांपर्यंत सगळ्यांना त्यानं असं गप्प बसवलेलं मी बघितलंय.

गावात लोक फिरायला यावेत, हे खूळ त्याच्या डोक्यात कधी शिरलं कोण जाणे. "लोकं अजिंठ्याला येत्यात, वेरूळला येत्यात. आपल्या म्हाताऱ्यानं काय घोडं मारलंय?" एवढंच तो म्हणायचा. एकदा सरकारातले मोठे साहेब धबधबा बघायला येणार, त्यांना जागा आवडली तर रस्ता होईल, अशी बातमी आली. गाव हरखलं. आता आमच्याकडं पाहुणा येणार म्हटलं की पहिलं काय करतात? घर सारवतात, चुना लावतात. सांडूनं गाव गोळा केलं आणि सगळ्यांनी मिळून कुंडाला चुना लावला. अख्ख्या कुंडाला. खडक पांढरेफेक, मधे गेरूचे पट्टे, आणि धबधब्याच्या शेजारी कड्यावर निळ्या ऑइलपेंटनं हातभर उंचीचं सुस्वागतम. साहेब आले. बघतच राहिले. त्यांच्यासोबतच्या बाईंनी कॅमेरा काढला होता, तो परत पिशवीत ठेवला. चहाही न घेता मंडळी उतरली.

ही हकिकत मला मायनं फोनवर रडत सांगितली. मी 'अरेरे' म्हटलं आणि त्या दिवशी कँटीनमध्ये दोन वाट्या शिरा खाल्ला.

पुढच्या खेपेला गेलो तर सांडू कुंडात उभा. हातात नारळाची शेंडी, खडक घासतोय. त्याच्यामागं निम्मं गाव घासतंय. मी काठावरून म्हटलं, "काय रे, डोंगराला आंघोळ घालतोस काय?" तो कमरेवर हात ठेवून हसला. "चूक माझीच हाय. म्हाताऱ्याला पावडर लावली. त्याला कुठं लग्नाला जायचं होतं?" माझा टोमणा वायाच गेला. चुना पावसाळ्यात निघाला. ऑइलपेंटमधला 'सु' तेवढा राहिला, तो अजून आहे. आता पोरं-पोरी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढतात.

इथवर ठीक होतं. जिवावर आलं ते पुढं.

मी गारखेड्यात फ्लॅट घेतला. तिसरा मजला, दोन खोल्या, हॉल, गॅलरी. बाप गेल्यापासून माय वर एकटी होती. तिला घेऊन यायचं, हे माझ्या मनात पहिल्या पगारापासून होतं. गॅलरीजवळची खोली तिच्यासाठी धरली, खाट टाकली, भिंतीला विठोबाची तसबीर लावली. ती म्हणायची, "येईन की, घाई काय." माझ्याकडं हुकमाचा एक्का होता. तिचे गुडघे गेले होते. मी म्हटलं, माय, आता तुला पाणी कोण आणून देईल? ती गुडघा चोळत राहिली. मला वाटलं, जिंकलो. दिवाळीनंतर येते म्हणाली.

आणि त्याच सुमाराला सांडूनं तो उद्योग काढला.

वाळूजची, जालन्याची पोरं तेव्हा रविवारी मोटारसायकलींवर धबधब्याला यायला लागली होती. यायची, भिजायची, बाटल्या फेकून जायची. गावाला त्याचा उपयोग शून्य. सांडू एका रविवारी कुंडावर घागरी-कळश्यांची रांग मांडून उकिडवा बसला. कुणी वर जायचं म्हटलं की सांगायचा, "इथं तिकीट नाय. वर जाताना एक भांडं न्यायचं, बास. रिकाम्या हातानं वर यायचं नाय, गावाचा नेम हाय." आणि पत्ता द्यायचा. ही घागर पिंपळामागच्या म्हातारीची, ही कळशी कासमच्या घरची. आता भरली घागर घेऊन दारात आलेल्या माणसाला कोण नुसतं पाठवील? त्याला बसायला घोंगडी, मक्याची भाकरी, ठेचा, ताक. तो खाणार, घर बघणार, पुढच्या वेळी बायको-पोरं घेऊन येणार, मुक्काम करणार. एकाच्या दारात गर्दी आणि दुसऱ्याच्या दारात माशा, असं झालंच नाही. पाण्याची पाळी फिरेल तसे पाहुणे फिरले.

त्या घागरीपायी मी गाव सोडलं हो. आणि लोक ती हौसेनं उचलत होते. वर आभार मानत होते.

मला हे कळलं ते कंपनीच्या बसमध्ये. माझ्या शेजारच्या मशीनवरचा रफिक सिल्लोडचा. सोमवारी पहिल्या शिफ्टला तो मला शोधतच आला. "विलासभाई, कल तेरे गाँव गए थे. वो सांडूभाई, क्या आदमी है यार. मेरेकू हंडा पकडाया, बोला जाव. बीवी हँस हँस के पागल. घर में एक बालटी नहीं उठाता मैं." अख्खी बस ऐकत होती. मी म्हटलं, "हां, माझाच मित्र आहे." त्यावर मागून कुणी तरी म्हणालं, मग तू इथं काय करतोयस?

त्याहून वाईट पुढं आहे. आमच्या विभागाचे साहेब कुटुंबासह जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. इतक्या वर्षांत साहेबांनी मला पहिल्यांदाच खुर्ची दिली. म्हणाले, "अहो, तुमच्या आईंना भेटलो. मी कळशी नेली त्यांच्याकडं. अर्धी सांडली होती वाटेत. काय रागावल्या मला. म्हणाल्या, पाणी आणावं तर काठोकाठ आणावं, ही काय तऱ्हा." साहेब खुशीत होते. मी ज्यांना गुड मॉर्निंग घालतो ते साहेब माझ्या मायच्या दारात पाणी भरून आले होते, आणि ते घडवलं सांडूनं. साहेबांनी त्याला कंपनीची टोपी दिली होती. ती टोपी मला मिळायला किती वर्षं लागली ते सांगत नाही. ती त्यानं मरेपर्यंत घातली.

दिवाळी झाली. माय म्हणाली, "आता कशाला येऊ बाबा? पाणी तर दारात येतंय. अन् लोकं बी येत्यात. परवा एक पोरगी माझ्याकडून भाकरी थापायला शिकून गेली." माझा एक्का त्यानं असा कापला.

मग मी दुसरा पत्ता टाकला, डॉक्टरचा. वर काही झालं तर कोण आहे? सांडूनं काय करावं? शहरातलं एक डॉक्टर जोडपं पक्षी बघायला यायचं. त्यांना तो म्हणाला, "तुम्ही आमची पाखरं बघा, अन् आमची माणसं बी बघा." झालं. ते जोडपं महिन्याच्या महिन्याला येऊन पारावर बसायला लागलं. रक्तदाब, साखर, गुडघे. माय मला फोनवर सांगायची, "डाक्टरीणबाईचा हात लई हलका हाय." रस्ता झाला, माझं एक कारण गेलं. दिवे आले, दुसरं गेलं. संडास झाले, तिसरं गेलं. गावातली सुधारणा ऐकून वाईट वाटणारा तालुक्यातला मी एकटाच माणूस असेन. पुढं कुंडावर पंपसुद्धा बसला. मी म्हटलं, आता तरी त्या घागरी बंद होतील. नाही झाल्या. सांडू म्हणाला, "पंपानं पाणी येतंय. माणूस येत नाय."

मी एकदा त्याला गाठलंच. पारावर तो एकटा बसला होता. म्हटलं, "सांडू, सरळ विचारतो. माझी माय तू का अडवून ठेवलीस?" त्यानं माझ्याकडं बघितलं, खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर चिंचोका ठेवला. मी रागारागानं तोंडात टाकला. तो फुटता फुटेना. बऱ्याच वेळानं सांडू म्हणाला, "मी कुठं अडवली? तू जाताना काय म्हणलो होतो मी? इथलं मी बघतो. काकू इथलीच नव्हं का?" माझ्या तोंडात चिंचोका होता.

शेवटी नशिबानं माझी बाजू घेतली, तीही वाकड्या वाटेनं. माय अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. सांडू आणि कासमनं तिला झोळीत घालून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत आणली. ऑपरेशन झालं, आणि माय माझ्या घरी आली. गॅलरीजवळच्या खोलीत, विठोबाच्या तसबिरीखाली, माझ्या खाटेवर. मी कंपनीत पेढे वाटणार होतो. सुनंदानं डोळे वटारले म्हणून राहिलं.

पण माय भिंतीकडं तोंड करून पडायची. आणि पाणी पिईना. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, कधी तेही चुकतं. मग पिंप भरून ठेवायचं, नाहीतर टँकर. माय एक घोट घ्यायची आणि पेला बाजूला करायची. "कुणाच्या भांड्यातलं हाय हे?" मी म्हणायचो, आपल्याच. "वाहतं नाय," ती म्हणायची. बाटलीबंद आणलं, उकळून दिलं, वाळा टाकून दिलं. ओठ ओले करण्यापुरतं घ्यायची. डॉक्टर मला ओरडले, म्हातारीला पाणी पाजा, नाहीतर किडनीवर जाईल. मी तिच्या पाया पडलो. मी म्हटलं, माय, एवढं सगळं तुझ्यासाठी केलं, एक पेलाभर पाणी माझ्या हातचं पी. ती म्हणाली, "तुझा राग नाय रं. उतरत नाय, काय करू."

आणि एका दुपारी दार वाजलं. दारात सांडू. डोक्यावर माझ्या कंपनीची टोपी, खांद्यावर पाण्याचा कॅन. घामानं निथळत होता. लिफ्ट चालू होती, तरी जिन्यानं आला होता. मला म्हणाला, "वर यायचं म्हणलं, मग रिकामा कसा येऊ?"

कुंडाचं पाणी होतं. फाट्यापर्यंत खांद्यावर, मग एसटीत मांडीवर, मग स्टँडवरून पुन्हा खांद्यावर. माय उठून बसली. माझ्याशी बोलताना जिची मान वळत नव्हती ती उठून बसली. पेला भरून प्यायली, मग दुसरा प्यायली, आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "म्हातारा कसा हाय?" सांडू खाटेजवळ उकिडवा बसला. "खोकतोय जरासा. तुमी नाय म्हणून करमत नाय त्याला." दोघं हसले. मी दारात हाताची घडी घालून उभा होतो. घर माझं, खाट माझी, माय माझी, आणि मीच तिथं पाहुण्यासारखा उभा. सुनंदा चहा घेऊन आली तेव्हा तिनं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली.

जाताना त्यानं कॅनमधलं उरलेलं पाणी मायच्या माठात ओतलं आणि रिकामा कॅन माझ्यापुढं धरला. "विलास, ह्यात तुझ्या नळाचं पाणी दे. डोंगरावर जायचंय, रिकाम्या हातानं जाववत नाय."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं काही मागितलं होतं. मला एकदम बरं वाटलं. मी कॅन घेऊन मोरीत गेलो आणि नळ सोडला. नळ फुसफुसला. थोडी हवा आली, गंजाचा एक थेंब आला आणि बंद झाला. पाण्याचा दिवस होता, पण आलंच नव्हतं. मी म्हटलं, "पिंपात आहे, त्यातलं देतो." सांडूनं माझा हात धरला. "नगं. ते भरून ठेवलेलं हाय. वहिनींनी भरलंय ते." आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून नळाकडं बघून म्हणाला, "बोलला तरी बिचारा."

तो मायच्या पाया पडला आणि रिकामा कॅन घेऊन उतरला. मी गॅलरीत गेलो. कशाला गेलो ते माहीत नाही. बहुतेक तो रिकाम्या हातानं जाताना मला बघायचं होतं.

गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता. त्याच्या पाइपाच्या जोडातून बारीक धार गळत होती, रस्त्यावर ओघळ झाला होता. लोक त्यावरून पाय उचलून चालत होते. सांडू थांबला. टँकरवाल्याशी काही तरी बोलला, त्याच्या तळहातावर काही तरी ठेवलं. टँकरवाल्यानं ते तोंडात टाकलं. मग सांडू धारेखाली कॅन धरून उकिडवा बसला, डोंगराच्या वळणावर बसायचा तसाच, इकडं तिकडं बघत. कॅन काठोकाठ भरला. त्यानं तो खांद्यावर घेतला, टोपी नीट केली आणि कोपऱ्यावरून वळला. मी त्याला जिवंत बघितला तो शेवटचाच. पुढं पंधरवड्यानं कुंडाच्या वरच्या वळणावर, घागर बाजूला ठेवून बघत बसला असताना तो गेला, असा कासमचा फोन आला.

पण ते नंतर. तेव्हा मी आत आलो. मायनं पडल्या पडल्या विचारलं, "गेला? रिकामाच गेला?"

"नाही," मी म्हटलं. "टँकरचं गळत होतं, ते भरून घेऊन गेला."

"इथलं पाणी वर नेलं त्यानं?"

"नेलं."

ती भिंतीकडची कूस बदलून माझ्याकडं वळली आणि हात पुढं केला. "मग दे मला बी, तुझ्या पिंपातलं. चालंल आता."

मी पेला भरला. ती सगळं पाणी प्याली आणि रिकामा पेला माझ्या हातात दिला. तेव्हापासून ती आमचंच पाणी पिते, माझ्या हातचं पिते. आणि पेला तिच्या ओठाला लागला की रोज, अगदी रोज, मला सांडूचा हेवा वाटतो.